दाणा दिसला पाहिजे

बजाजनगरातली ती वरची खोली भाड्यानं घेतली तेव्हा विमलकाकूंनी मला दोनच अटी सांगितल्या. नळ टपकत ठेवायचा नाही, आणि खाली मिक्सर चालू असला की वरून पाय आपटायचे नाहीत.

"आधीची पोरगी आपटायची," त्या म्हणाल्या. "मी मिक्सर बंद नाय केला. तीच गेली."

मी बिडकीनहून नवीनच आले होते. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी लागली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, त्यामुळं घराबाहेर एकटीनं राहणारीही मीच पहिली. घरमालकीण कडक असलेली बरी, असं आईनं सांगून पाठवलं होतं. विमलकाकू कडक होत्या, पण आईच्या मनात होतं तशा नव्हत्या. मी किती वाजता येते, कुणाशी बोलते, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी जेवले का आणि खोटं बोलते का, एवढंच त्या बघायच्या.

ठेंगणा बांधा, कमरेला खोचलेला पदर, आणि चालताना टाचांचा असा आवाज की काकू कुठल्या खोलीत आहेत ते वरून कळावं. त्यांचे यजमान कंपनीत मशीनवर होते. मी त्या घरात जाण्याच्या सहा वर्षं आधी ते वारले. तेव्हापासून काकू कामगारांचे डबे करायच्या. पहिल्या पाळीची बस यायच्या आत सगळे डबे दाराशी ओळीनं लागलेले असत. मुलगी रोहिणी नर्सिंग शिकून शहरातल्या एका दवाखान्यात कामाला होती.

काकूंचं कपाळ मोकळं असायचं. समोरच्या घरात कुलकर्णी काकू राहायच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना ते बघवत नसे. एकदा त्यांनी टिकल्यांचं पाकीटच आणून दिलं. "विमल, कोण पाळतं गं आता हे? लाव बिनधास्त."

काकू डब्यात पोळ्या भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हे गेले तेव्हा बायांनी येऊन पुसलं. आता तुम्ही म्हणता लाव. बाई, माझं कपाळ म्हणजे तुमच्या शाळेचा फळा हाय का? ज्यानं त्यानं यावं आन् लिहावं-पुसावं?"

कुलकर्णी काकू हसल्या. पाकीट परत घेऊन गेल्या नाहीत, ते फ्रिजवर पडून राहिलं. काकूंनी ते फेकलंही नाही आणि उघडलंही नाही.

तो मिक्सर कशासाठी चालायचा, ते आता सांगते.

रोहिणीच्या एका मैत्रिणीनं परदेशातून चॉकलेटची डबी आणली होती. वर चॉकलेट आणि आत पीनट बटर. रोहिणीनं आईसाठी त्यातलं एक जपून घरी आणलं. काकूंनी ते तोंडात टाकलं नाही. ताटलीत ठेवलं, सुरीनं मधोमध कापलं आणि बोटानं आतलं थोडं काढून जिभेवर ठेवलं.

"हे तर शेंगदाण्याचं हाय," त्या म्हणाल्या.

"हो आई. पीनट म्हणजे शेंगदाणाच."

"आपलाच दाणा, आन् कोट घालून आला तर तू मला हातात झेलून आणून देती व्हय? माझ्या हातची चटणी कधी अशी झेलली नाय."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रयोग सुरू केला. हे सगळं मला रोहिणीनं नंतर सांगितलं, आणि पुढं मी डोळ्यांनी अनेकदा बघितलं. दाणे मंद आचेवर भाजायचे. भाजताना फोन घ्यायचा नाही, दार उघडायला जायचं नाही. मग सुपात चोळून फोलपटं पाखडायची. मग मिक्सर. आधी कूट होतं. आपण सगळ्या जणी तिथंच थांबतो. काकू थांबायच्या नाहीत. कुटाचा गोळा व्हायचा, भांडं तापायचं, त्या झाकणावर हात ठेवून ते निवेपर्यंत उभ्या राहायच्या आणि पुन्हा फिरवायच्या. मग भांड्याच्या कडेला तेल सुटायचं आणि गोळा एकदम सैल होऊन चकाकायला लागायचा. त्याला त्या दाण्याचं लोणी म्हणायच्या. "कूट झालं म्हणजे झालं, असं वाटतं माणसाला," त्या म्हणायच्या. "जरा दम धरला की त्याच्या पोटातलं तेल त्याचं तेच बाहेर काढतं." त्यात पिठीसाखर, थोडं तूप, चिमूटभर मीठ घालून लाडवांसारख्या गोळ्या वळायच्या. त्या फ्रिजमध्ये घट्ट झाल्या की एकेक चॉकलेटात बुडवायची.

पहिल्या वेळी चॉकलेटनंच दगा दिला. शहरातल्या गुलमंडीवरून आणलेली चॉकलेटची वडी काकूंनी आधणाच्या वाफेवर वितळवली. चार-पाच गोळ्या बुडवून झाल्यावर ते जरा दाटलं. आता स्वयंपाकघरात काही दाटलं की आपल्या बायांचा हात कुठं जातो? तांब्याकडं. आमटी असो, पिठलं असो, चटणी असो. काकूंनी सवयीनं गरम पाण्याचा हबका मारला. बघता बघता ते चॉकलेट आक्रसलं, वाळूसारखं रवाळ झालं आणि पळीला ढेकूळ चिकटलं.

रोहिणी म्हणाली, "आई, यात पाण्याचा थेंबही चालत नाही."

"मग आधी सांगायचं होतं."

"तू विचारलं कुठं?"

काकूंनी ते फेकलं नाही. त्यात गरम दूध ओतून घोटलं आणि त्या दिवशीच्या प्रत्येक डब्यात वाटीभर चॉकलेटची खीर गेली. कामगारांनी आठवडाभर विचारलं, काकू, ती काळी खीर परत कधी? काकू सांगायच्या, "ती चुकीची खीर व्हती. परत चुकले की देईन."

त्यानंतर मात्र वितळवताना त्या हात तीन-तीनदा पुसायच्या आणि तांब्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायच्या. स्वतःवर विश्वास नाही म्हणून नव्हे. "हाताला तीस वर्षांची सवय हाय," म्हणायच्या. "त्याला काय शिकवणार? तांब्याच हलवावा."

काकूंच्या त्या गोळ्यांची एक खूण होती. गोळीला टाचणी टोचून त्या ती चॉकलेटात बुडवायच्या, पण पूर्ण नाही. वर रुपयाएवढा गोल मोकळा सोडायच्या. चहूबाजूंनी काळंभोर आणि डोक्यावर दाण्याचा पिवळसर रंग. मी क्वालिटीची माणूस, सगळं सारखं असावं असं वाटायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "काकू, वरचं राहून गेलंय."

"राह्यलं नाय. ठेवलंय."

"का?"

"दाणा दिसला पाहिजे. एवढा भाजला, घोटला, आन् मग झाकून टाकायचा? मग लोकं म्हणणार, चॉकलेट लई भारी. दाण्याचं नाव कोण घेणार?"

महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांनी त्या गोळ्या सरळ उपासाला खाल्ल्या. कुलकर्णी काकू दारातून बघत होत्या. "विमल, चॉकलेट उपासाला?"

"दाणा चालतो?"

"चालतो."

"साखर? तूप?"

"अगं हो, पण..."

"मग राह्यलं काय? ते चॉकलेट झाडालाच येतं ना? ए शिकलेली, येतं का नाय झाडाला?"

ए शिकलेली म्हणजे मी. येतं, असं मी सांगितलं. कुलकर्णी काकूंनी थोडा विचार केला आणि दोन घेऊन गेल्या. संध्याकाळी डबी परत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "यांनी विचारलं, एकादशीला करणार आहेस का?"

मला त्या शिकलेली म्हणायच्या, त्यात टोमणा असायचा आणि आणखीही काही असायचं. माझं पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मी ते पिशवीतच ठेवून दिलं होतं. काकूंनी पिशवी बघितली, आत काय आहे विचारलं, आणि कागद काढून देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. आठ दिवस हलवू दिला नाही. डबा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या, "हिच्या घरातली ही पहिली." मला लाज वाटायची. एकदा तसं बोलले तर म्हणाल्या, "लाज कशाची? चोरून आणलंय का?" आमच्या घरी एवढ्या मोठ्यानं माझं कौतुक कुणी केलं नव्हतं. आईवडिलांना अभिमान होता, पण तो बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

मी तिथं होते त्याच्या दुसऱ्या वर्षी रोहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पैठणचे. मुलगा चांगला, माणसंही वाईट नव्हती, रीतभात पाळणारी. लग्न मे महिन्यात. रुखवताची तयारी काकूंच्या थोरल्या जाऊबाई करणार होत्या. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी लग्नात मांडायचा पदार्थांचा आणि वस्तूंचा थाट. मुलाकडच्या बाया तो बघायला येतात आणि बघून गेल्यावर वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलतात. अक्का, म्हणजे या जाऊबाई, गावाहून कुरडयांचे डबे, शेवया, पापड घेऊन आठ दिवस आधीच आल्या. त्यांनी नात्यातल्या किती मुलींची रुखवतं मांडली त्याला गणती नव्हती. कुरडयांचा मनोरा त्या असा रचायच्या की हात लावायची भीती वाटावी.

काकूंनी ताटलीत चार गोळ्या त्यांच्यापुढं ठेवल्या. "अक्का, एक ताट याचं राहील. माझ्या हातचं."

अक्कांनी एक गोळी हातात घेतली, फिरवून बघितली आणि परत ठेवली. मी जिन्याजवळ उभी होते. खाली उतरू का वर जाऊ, मला कळेना.

"विमल, राग मानू नको," त्या म्हणाल्या. "पण हे बघ. वरून असं मोकळं. बोडक्या कपाळावानी दिसतंय. आन् करणार कोण, तर तू."

काकूंनी ती गोळी ताटलीत सरळ केली, मोकळी बाजू वर.

"मी वाईट म्हणून सांगत नाय. त्या बाया बघतील. एखादी बोलली तर तुला नाय बोलणार, पोरीला बोलणार. जन्मभर. पोरीला मूल उशिरा झालं तरी हेच काढतील, जावई आजारी पडला तरी हेच. तू कर, कोण नको म्हणतंय. पण पूर्ण बुडव. आन् मांडू दे मला. कुणी केलं ते काय सांगायचं नाय."

अक्का खोटं बोलत नव्हत्या, हेच अवघड होतं. मी गावात वाढलेली, मला त्या बाया माहीत होत्या. अक्का आंघोळीला गेल्यावर मी खाली येऊन हळूच म्हणाले, "काकू, एकदाच बुडवून टाका ना पूर्ण. आत तर तेच राहील. रोहिणीताईसाठी."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला कुणी म्हणलं असतं, शीक बाई, पण कागद पिशवीतच ठेव, कुणाला सांगू नको, तर?"

मी कागद पिशवीतच ठेवला होता, आणि मला तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

"पोरीचं म्हणशील तर तिलाच विचारते," त्या म्हणाल्या.

रोहिणी कामावरून आली. काकूंनी तिला चपला काढायला लावल्या, पाणी दिलं, आणि अक्कांच्या देखत सगळं जसंच्या तसं सांगितलं. बोडकं कपाळ हा शब्दसुद्धा गाळला नाही. मग म्हणाल्या, "मी केलं तर असंच करीन, आन् केलं तर मीच मांडीन. नायतर करणारच नाय, मला वाईट वाटणार नाय. पण ऐकून घ्यावं लागलं तर तुला लागंल, मला नाय. तू सांग."

रोहिणीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मोठीआई, ऐकून घ्यायची वेळ आली तर घेईन," ती अक्कांना म्हणाली. "हिनं डबे करून मला शिकवलं. ते डबे कुणी बोडके म्हणले नाहीत, पुसून खाल्ले." मग आईकडं वळली. "किती करतीस?"

"एक्कावन्न," काकू म्हणाल्या.

अक्का उठून कुरडया मोजायला लागल्या.

मे महिन्यातलं ऊन आणि चॉकलेट यांचं काही जमत नाही. काकूंनी आदल्या दिवशी माझ्याकडून मंगल कार्यालयातली जागा बघून घेतली होती. खिडकी कुठं, ऊन कधी कुठं येतं. लग्नाच्या सकाळी त्यांनी मोठ्या परातीत बर्फ घातला, त्यावर ओला पंचा, त्यावर ताट. ताटात एक्कावन्न गोळ्या, सगळ्यांची मोकळी बाजू वर. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठी मला लिहायला लावली. मी लिहिलं, 'शेंगदाण्याचे चॉकलेट लाडू'.

"खाली नाव लिही."

"वधूची आई, असं लिहू?"

"ते सगळ्यांना माहीत हाय. विमल भानुदास शेळके लिही. आन् जरा मोठं लिही, शिकलेली ना तू?"

काकूंनी ताट पुढच्या रांगेत ठेवलं. अक्कांनी येऊन ते कुरडयांच्या मनोऱ्यामागं सरकवलं. काकूंनी ते पुन्हा पुढं आणलं. तिसऱ्यांदा ताट मागं गेलं तेव्हा काकूंनी ते पुढं घेतलं आणि स्वतःच टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. नवऱ्या मुलाला ओवाळायची वेळ आली, फोटोवाल्यानं दोनदा बोलावलं, तरी हलल्या नाहीत.

मग मुलाकडच्या बाया आल्या. पुढं मुलाची आत्या. शेवयांचं कौतुक झालं, मनोऱ्याचं झालं. ताटापाशी आत्या थांबल्या. चिठ्ठी वाचली, काकूंकडं बघितलं, काकूंच्या कपाळाकडं बघितलं.

"हे वरून असं उघडं का ठेवलंय?"

"दाणा दिसावा म्हणून," काकू म्हणाल्या. "आतलं काय हाय ते लपवायचं नाय आपल्याला."

"तुम्हीच केले?"

"मीच केले. नाव लिहिलंय."

आत्यांनी हात पुढं केला नाही. मागच्या बायांपैकी कुणीच केला नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात ताटाकडं गेला. अक्कांचा. त्यांनी एक गोळी उचलली, तोंडात टाकली आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चावली.

"माझ्या जावेच्या हाताला चव हाय," त्या आत्यांना म्हणाल्या. "तुमच्याकडं आता रोहिणी करंल. तवा खा."

आत्या पुढं गेल्या. तो विषय तिथं मिटला असं मी म्हणणार नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि रुखवत बांधताना मुलाकडच्यांनी शेवया नेल्या, कुरडया नेल्या, भांडी नेली. ताट तेवढं टेबलावर राहिलं. बर्फाचं पाणी झालं होतं. विसरलं म्हणावं तर ते टेबलाच्या अगदी मधोमध होतं.

काकूंनी ते बघितलं. मला वाटलं, आता तरी त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि टाचा आपटत बाहेर निघाल्या. गाडी निघायच्या तयारीत होती. आत्या पुढं बसल्या होत्या. काकूंनी मागचं दार उघडलं आणि ताट रोहिणीच्या शालूवर, मांडीत ठेवलं.

"हे राह्यलं व्हतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेव. विरघळायला लागलेत."

रोहिणी आधीपासूनच रडत होती. तिनं रडता रडता एक उचलून नवऱ्याच्या हातावर ठेवली, एक स्वतः खाल्ली. जावयानं मान डोलावली आणि दुसरीसाठी हात पुढं केला. गाडी गेली.

पुढच्या महिन्यात मला पुण्याला नोकरी लागली आणि मी ती खोली सोडली. काकूंचा फोन येतो, रोहिणीचाही येतो. पण काकू म्हटलं की मला त्या दुपारच्याच दिसतात. कार्यालयाच्या फाटकात, उन्हात, गाडी गेली त्या रस्त्याकडं बघत. ताट उचलताना दोन्ही हातांना चॉकलेट लागलं होतं, आणि त्याच हातानं त्यांनी घाम पुसला होता. मोकळ्या कपाळावर मधोमध एक काळा फराटा उमटला होता. मी सांगू की नको अशा विचारात असताना अक्का पुढं झाल्या.

"विमल, कपाळाला लागलंय तुझ्या."

काकूंनी बोटानं कपाळ चाचपलं, फराटा निपटून घेतला, बोटाकडं एकदा बघितलं आणि ते तोंडात घातलं.

"चला," त्या म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"